शिष्यवृत्ती गणिताचा सराव संच: घ्यावा का?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मिळणारा हा सराव संच घेण्याजोगा आहे, मुख्यतः त्यातल्या चुकीच्या पर्यायांसाठी. 20 − 8 + 5 बघा. ‘कंचेभागुबेव’ (कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) घोकलेलं मूल बेरीज आधी करतं, 8 + 5 = 13, आणि 7 वर खूण करून मोकळं होतं. खरं उत्तर 17, कारण बेरीज-वजाबाकी डावीकडून उजवीकडे करायची. पर्यायांत 7 मुद्दाम ठेवलाय, फार छान! 3(क्ष − 2) = क्ष + 8 मध्येही तसंच: कंसातल्या 2 ला 3 ने गुणायचं राहिलं की 7 ऐवजी 5 येतात. उत्तरसूचीत मात्र नुसते पर्याय क्रमांक, पायऱ्या नाहीत. ही मोठी उणीव. परीक्षेच्या एका पेपरात 90 मिनिटांत 75 प्रश्न असतात, म्हणून रोज 10 उदाहरणं 12 मिनिटांत, घड्याळ लावूनच.