दीड वर्ष, एक गेमिंग पीसी आणि निर्दोष ग्राफिक्स कार्ड

हा पीसी मी स्वतः जोडला त्याला दीड वर्ष झालं. सहा कोअरचा प्रोसेसर, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, आठ जीबी मेमरीचं मधल्या फळीतलं ग्राफिक्स कार्ड, विंडोजसाठी छोटी एनव्हीएमई एसएसडी, गेमसाठी केबलने जोडायची एक टीबीची साटा एसएसडी, प्रोसेसरवर लिक्विड कूलर आणि समोर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. जे झालं ते कुठल्याही कंपनीच्या मालाबाबत होऊ शकलं असतं, आणि त्यातला निम्मा गोंधळ मी माझ्याच हाताने घातलेला आहे.

पहिले सात महिने बोलायला जागा नव्हती. आठव्या महिन्यात गचके सुरू झाले. खेळता खेळता चित्र जागच्या जागी थिजायचं, तीन-चार सेकंद, कधी त्याहून जास्त. आवाज मात्र चालू. पाठीमागून कुणीतरी धावत येतंय ते ऐकू यायचं, आपण पुतळा होऊन उभे. मग चित्र एकदम सुटायचं आणि तोवर आपला निकाल लागलेला असायचा. दिवसातून एकदा, मग दर तासाला, मग कधीही.

माझा पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर. चित्र अडकतंय म्हणजे चित्र काढणाराच दोषी, इतका सरळ हिशेब. इथून पुढचे पाच आठवडे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषी. सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने जुना ड्रायव्हर मुळासकट काढला, नवा टाकला. गेम सुरू केला तर हाल आधीपेक्षा वाईट. पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येक वळणावर हिसका. नंतर उमगलं की ड्रायव्हर पुसताना शेडर कॅशही (दृश्य रंगवायच्या छोट्या प्रोग्रामांचा तयार साठा) साफ झाली होती. गेम ते शेडर नव्याने तयार करत होता आणि प्रत्येक नव्या दृश्याला ठेचकाळत होता. हे आपोआप शमतं. मला ते तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून मी ड्रायव्हर पुन्हा काढला आणि कॅश पुन्हा रिकामी केली.

त्यातच हालचाल काहीशी जड वाटायला लागली. सेकंदाला येणाऱ्या फ्रेम्सचा, म्हणजे चित्रांचा, आकडा शंभराच्या वर, डोळ्यांना मात्र ते पटेना. दोन दिवसांनी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये गेले तर मॉनिटर ६० हर्ट्झवर उतरून बसलेला. ड्रायव्हर नवा आला की रिफ्रेश रेट कधी कधी मूळपदावर जातो, तो हाताने परत चढवावा लागतो. म्हणजे जुना आजार तसाच, वर औषधाचे दोन नवे विकार.

मग मी बायॉस, म्हणजे मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं. यालाही निमित्त होतं. २०२२ मध्ये एएमडीने स्वतःच जाहीर केलं होतं की त्यांचा रायझन प्रोसेसर असलेल्या काही मशीनवर एफटीपीएम या सुरक्षेच्या सोयीच्या व्यवहारांमुळे क्षणभर सगळं थबकतं, आणि उपाय नव्या बायॉसमधून येईल. ते वाचलं आणि वाटलं, हेच ते. माझ्या मशीनवर ते सुधारित बायॉस पहिल्या दिवसापासून होतं, हे तपासायची तसदी घेतली नाही. नवं बायॉस चढलं, गचके कायम, शिवाय सरासरी फ्रेम्स ११८ वरून नव्वदीत आल्या. कारण साधं होतं. बायॉस बदललं की सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात, त्यात रॅमला तिच्या पूर्ण वेगाने पळवणारं एक्सएमपीही बंद होतं. माझी ३६०० ची रॅम २१३३ वर धावत होती. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग स्वच्छ लिहिलेला असतो, पण तिथे बघतो कोण? मी तर कार्ड उपसून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहायच्या तयारीत होते.

या टप्प्यावर माझी अवस्था अशी होती की मूळ आजार कोणता आणि मी ओढवून घेतलेला कोणता, हेच सांगता येईना. मशीन ठणठणीत असतानाचा एकही आकडा लिहून ठेवलेला नव्हता. विश्रांतीत तापमान किती, रॅमचा वेग किती, तोच गेम त्याच जागी किती फ्रेम्स देतो, काही नाही. "आधी छान चालायचं" एवढीच नोंद, तीही डोक्यात.

फ्रेम्सच्या आकड्याबद्दल एक सांगून टाकते. कोपऱ्यात दिसणारा तो आकडा गचक्यांच्या बाबतीत निरुपयोगी आहे. १४४ हर्ट्झवर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम ६.९ मिलिसेकंद येतात. एका सेकंदात शंभर फ्रेम्स आल्या आणि त्यातली एकच २०० मिलिसेकंद अडकली, तरी आकडा शंभरच दाखवणार. बघायची ती फ्रेमटाइमची, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला त्याची रेघ. आफ्टरबर्नर या कार्डावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या रिवाट्यूनरमध्ये ती चालू करता येते. रेघ सपाट असली की मशीन सुखी. माझी रेघ सपाट जायची आणि मधेच सुळका मारायची. सुळक्याच्या वेळी ग्राफिक्स कार्डाचा वापर शून्याकडे यायचा. म्हणजे कार्डाला कामच मिळत नव्हतं. ते कुणाची तरी वाट बघत होतं. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि तरी मी कार्डालाच दोष देत होते.

चोर सापडला तो भाच्यामुळे. तो सुट्टीला आला होता आणि त्याला खेळायचं होतं, माझं निदान ऐकायचं नव्हतं. गेम अडकल्यावर त्याने वैतागून ऑल्ट-टॅब केलं आणि ब्राउझर उघडला. ब्राउझर झटकन उघडला.

"मावशी, पीसी कुठे अडकलाय? फक्त गेमच अडकलाय."

"तेच तर, ग्राफिक्स..."

"अगं, पण मग हे कसं चालतंय? गेम कुठल्या ड्राइव्हवर आहे तुझा?"

टास्क मॅनेजर उघडला. विंडोजचा सी ड्राइव्ह निवांत. गेमचा डी ड्राइव्ह १०० टक्के व्यग्र, आणि वाचन-लेखनाचा वेग शून्य केबी. डिस्क पूर्ण गुंतलेली आहे पण एक बाइटही सरकत नाही, हे दृश्य एकदा पाहिलं की विसरत नाही.

डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावलं. वर मोठ्या अक्षरात "गुड", हिरव्या-निळ्या प्रसन्न रंगात. मी हुश्श केलं. भाचा मात्र खालची यादी वाचत बसला. "हा सी७ काय गं? एररबिरर दिसतंय." त्या ओळीत शेवटी ८एफ३ असं काहीतरी होतं. खेळून झाल्यावर पुन्हा पाहिलं तर ९०ई. मला वाटलं ई म्हणजे एरर. ई कसला, ते आकडे हेक्साडेसिमलमध्ये होते. सेटिंगमधून दशमान केल्यावर कळलं की एका संध्याकाळीत संख्या २,२९१ वरून २,३१८ झाली होती.

सी७, म्हणजेच १९९ क्रमांकाचा गुणधर्म, डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर किती वेळा डेटा बिघडून पोहोचला ते मोजतो. डिस्कच्या आतल्या चिपशी त्याचा फारसा संबंध नाही. संबंध आहे तो वाटेशी, आणि ती वाट म्हणजे केबल. डेटा बिघडला की तो पुन्हा पाठवला जातो, फारच बिघडला की विंडोज वाट पाहून डिस्कला रिसेट देतं. ती वाट पाहण्याची वेळ म्हणजे माझे गचके. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, त्या रिसेटच्या १२९ क्रमांकाच्या नोंदी ओळीने पडलेल्या होत्या, प्रत्येक गचक्याच्या वेळेशी जुळणाऱ्या. (इव्हेंट व्ह्यूअर नुसता चाळू नका. निरोगी मशीनवरही तिथे लाल-पिवळ्या खुणांची रांगोळी असते. घड्याळ बघून बिघाडाची वेळ टिपायची आणि फक्त त्या मिनिटातल्या नोंदी वाचायच्या.)

कॅबिनेटचं मागचं झाकण काढलं. साटा केबल कनेक्टरपाशीच काटकोनात मुडपलेली, झाकणाने दाबून दाबून पांढरी पडलेली. टोकाला लॉकची पट्टी नाही, बोट लावलं की डुगडुगायची. ही करामत माझीच, केबल नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून. नवी, लॉकवाली केबल लावली. त्या दिवसापासून तो गचका आजवर आलेला नाही. पाच आठवडे, दोन ड्रायव्हर, एक बायॉस, आणि दोषी निघाली सगळ्यात फडतूस वस्तू.

दुसरं मोठं दुखणं चौदाव्या महिन्यात. यावेळी लक्षण वेगळं होतं. पाच-सहा मिनिटं झकास, मग सगळंच जड. नुसता गेम नाही, टाइप केलेलं अक्षरही उशिरा उमटायचं. मेन्यूत थांबलं की जरा जीव यायचा, खेळायला लागलं की पुन्हा मरगळ. यावेळी हात आवरला. काहीही न बदलता तापमान आणि वेग टिपणारं एचडब्ल्यूइन्फो मागे चालू ठेवलं आणि खेळून आल्यावर नोंदी पाहिल्या. प्रोसेसर ९५ अंशांवर, ४.४ गिगाहर्ट्झवरून निम्म्याच्या खाली घसरलेला, थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे वेग कापण्याच्या) ओळीत "येस". लिक्विड कूलरमधलं पाणी फिरवणाऱ्या पंपाचा वेग मधेमधे शून्य.

नुसता ९५ चा आकडा पाहून कुणी घाबरू नये. रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ पर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत, इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० आहे. बघायचं ते हे की तापल्यावर वेग कोसळतो का, आणि तुमच्या मशीनचं नेहमीचं तापमान काय. माझ्याकडे आता आकडे टिपून ठेवलेली वही होती. त्याच गेममध्ये नेहमीचे ७०-७२.

पंखे फिरत होते, म्हणून कूलर चालू आहे असंच वाटत होतं. हात लावून पाहिलं. प्रोसेसरवरचा ठोकळा चटका देणारा, आणि रेडिएटर गार. गरम पाणी तिथवर पोहोचतच नव्हतं, पंखे इमाने इतबारे गार रेडिएटरला वारा घालत होते. ठोकळ्यावर टिचकी मारली तर आत गुरगुर झाली, वेग दिसला, मिनिटभराने परत शून्य. पंप गेला होता. वॉरंटीत कूलर बदलून मिळाला, पण त्याला तीन आठवडे लागले. तोवर साधा पंख्याचा एअर कूलर लावला होता, तोच अजून आहे. तापमान तीन-चार अंश जास्त राहतं, राहू दे. पंखा बंद पडला तर निदान डोळ्यांना दिसतं.

बाकी किरकोळ. टास्क मॅनेजरने एकदा सलग अकरा दिवस मशीन चालू असल्याचं दाखवलं, मी तर रोज रात्री बंद करत होते. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनला विंडोजचा गाभा झोपवून ठेवला जातो, खरी नवी सुरुवात रीस्टार्टनेच होते. मी ते बंद केलं. रंगीत दिव्यांचं सॉफ्टवेअर दर काही सेकंदांनी एक बारीक हिसका द्यायचं, ते काढलं, दिवे आता एकाच रंगात जळतात. ठरावीक अंतराने येणारा हिसका बहुतेक सॉफ्टवेअरचा निघतो असा माझा अनुभव, अवेळी येणारा हिसका हार्डवेअरकडे बोट दाखवतो. कोणता ड्रायव्हर मशीनला अडवतो ते शोधणारं लेटन्सीमॉन दोनदा वापरलं, त्यात विंडोजच्याच फायलींची नावं वर येतात आणि खरा अपराधी मागे लपतो, त्यामुळे मला फारसा उपयोग झाला नाही. ड्रायव्हर अपडेटर आणि रॅम क्लीनर म्हणून जे मिळतं ते मात्र मशीनवर येऊच देऊ नका. रॅम रिकामी करून वेग वाढत नाही, रिकामी रॅम नुसतीच पडून असते.

ग्राफिक्स कार्डाची जाहीर माफी मागायची राहिली. दीड वर्षात त्याने एकदाही दगा दिला नाही. आणि चुकीच्या माणसाला पकडणारी मी एकटी नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांचा जो प्रश्न २०२४ मध्ये गाजला, त्यात काही गेम "व्हिडिओ मेमरी संपली" असा संदेश देऊन बंद पडायचे. व्हिडिओ मेमरी भरपूर शिल्लक असायची, अस्थिर असायचा तो प्रोसेसर. संदेश वाचून कार्ड बदलणाऱ्यांचं काय झालं असेल, मी कल्पना करू शकते.

सी७ चा आकडा कधी कमी होत नाही. केबल बदलली तरी जुनी मोजणी तशीच राहते, बघायचं ते एवढंच की ती पुढे सरकते का. केबल बदलली त्या रात्री वहीत २,३१८ लिहिलं होतं. हे लिहायला बसण्याआधी पुन्हा पाहिलं. २,३१८.