हरवलेल्या पुण्याची फेरी: पैसे वसूल, पण नदी ओलांडा की!

रविवारी सकाळी सात वाजता शनिवारवाड्यासमोर जमायचं आणि वाड्याकडे पाठ करून उभं राहायचं. माणशी 400 रुपये. फेरी नेणारे सर पेन्शनर आहेत, स्थानिक इतिहासाचे अभ्यासक. बाजीराव-मस्तानीबद्दल कुणी विचारलंच तर सरळ 'ते यूट्यूबवर बघा' म्हणतात. (पुण्यात असं सांगणाऱ्या माणसावर माझा लगेच विश्वास बसतो.) त्यांना रस आहे तो शहरातून पुसल्या गेलेल्या वस्त्यांमध्ये.

म्हणून सुरुवात वाड्यासमोरच्या पटांगणापासून. पूर्वी भाजीबाजार इथे उघड्यावर भरायचा. 1886 साली शुक्रवार पेठेत नवी मंडई बांधली, गव्हर्नर रे यांच्या नावाने, आणि बाजार तिकडे हलवला. ज्या जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला, त्यांचंच नाव पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने मंडईला मिळालं. हे बऱ्याच पुणेकरांना ठाऊक असतं. पण बाजार उठल्यावर आजूबाजूच्या गल्ल्यांचं काय झालं, कुणाचा धंदा बसला, हे सर ज्या तपशिलाने सांगतात ते ऐकण्यासारखं आहे.

मग कसब्यात. तांबट आळीत अजून ठोक्यांचा आवाज येतो, तिथे सर फारसे थांबत नाहीत. 'ही जिवंत आहे, तिला माझी गरज नाही.' कागदीपुऱ्यात मात्र चांगला अर्धा तास जातो. नावात कागद उरलाय, करणारे गेले. इथेच एका पत्र्याच्या शटरखाली त्यांनी छत्रीच्या टोकाने दाखवलेली गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नव्या इमारतीच्या पायरीवर गुळगुळीत टाइल्स, आणि टाइल्स संपतात तिथे काळ्या घडीव दगडाचा एक थर, चुन्याची दर्ज अजून शाबूत. जुन्या वाड्याचं जोतं. बिल्डरला ते उखडणं परवडलं नसावं. त्यानंतर पुढच्या प्रत्येक इमारतीच्या पायाशी आम्ही सगळे वाकून बघत होतो. दूधवाला हसत होता.

सरांच्या पिशवीत सिटी सर्व्हेच्या जुन्या नकाशाची झेरॉक्स असते, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. ती तीस जणांत फिरवायची म्हणजे शेवटच्या माणसाच्या हातात येईपर्यंत आपण पुढच्या चौकात असतो. पंधराच्या वर माणसं घेऊ नयेत, किंवा निदान चार झेरॉक्स काढाव्यात. आणि तो गळ्यातला स्पीकर! निम्मा वेळ नुसता खरखरतो.

ओंकारेश्वराजवळ नदीकाठी पानशेतच्या पुराचा विषय येतो. 12 जुलै 1961. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासलाही गेलं, आणि शनिवार, नारायण, कसबा, सोमवार या पेठांत पाणी शिरलं. मातीच्या भिंतींचे वाडे बसले ते बसलेच. सर हे रडवेल्या आवाजात सांगत नाहीत, त्यामुळे जास्त लागतं. शहराला पाणी पुरवणारं खडकवासलाच गेल्यामुळे पुरानंतर पिण्याच्या पाण्याचे हाल झाले आणि लोकांनी वाड्यांतल्या बुजत आलेल्या विहिरी उपसल्या, असं ते सांगतात. माझी आजी हेच सांगायची. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांतून ती नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडली होती.

आणि माझी खरी तक्रार इथे आहे. फेरी नदीकाठी संपते. 'या वस्त्या इथे बुडाल्या,' म्हणायचं आणि चहा. अहो, वस्त्या बुडाल्या, माणसं नाही बुडाली सगळी! ती गोखलेनगरला गेली, लोकमान्यनगरला, दत्तवाडीला, सहकारनगरला. काही वर्षं अर्धगोल पत्र्यांच्या निसेन हटमध्ये राहिली. पेठेत एका वाड्यात असलेली बिऱ्हाडं तिकडे पुन्हा शेजारी आली, काहींची कायमची ताटातूट झाली. नदीपलीकडच्या आमच्या गोखलेनगरात अजूनही म्हातारी माणसं 'आमच्या वाड्यात' असं वर्तमानकाळात बोलतात. हरवलेली पेठ शोधायची तर मला वाटतं तिथे शोधावी. पण सरांच्या वाड्यांत मालक असतात, त्यांच्या वंशावळी असतात. भाडेकरू मात्र 'इतर बिऱ्हाडं' म्हणून एका वाक्यात आटोपतात.

चहाच्या वेळी विचारलं. म्हणाले, 'बाई, तिकडे बघण्यासारखं काय राहिलंय? हट पण गेले.' मी म्हटलं, सर, कागदीपुऱ्यात तरी कागद कुठे राहिलाय? यावर ते हसले आणि दुसरा कटिंग मागवला.

तरीही पाचपैकी चार. या पैशांत तीन-साडेतीन तास इतकं नेमकं बोलणारा माणूस दुसरा मिळणार नाही. पावसाळ्यात जाऊ नका, गल्ल्यांत चिखल असतो आणि नकाशा बाहेर निघत नाही. गाडी आणू नका, लावायला जागा नाही. आणि चहाच्या वेळी तुम्हीही गोखलेनगरचं विचारा. दहा-बारा जणांनी विचारलं तर कदाचित नेतील.