गुलमर्ग की औली? लहान मुलांना स्कीइंग शिकवायला कुठे न्यावं

मुलं पाच ते दहा वर्षांची आहेत, घरात कुणालाच स्कीइंग येत नाही आणि परदेशाचा खर्च करायचा नाही, असं असेल तर शोध शेवटी दोन नावांवर येऊन थांबतो: काश्मीरमधलं गुलमर्ग आणि उत्तराखंडमधलं औली. आम्ही दोन्हीकडे राहून आलो. औलीला गेलो तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती, मुलगा पाच. गुलमर्ग पुढच्या हिवाळ्यात. मला स्वतःला औली जास्त आवडलं, तरी घरात आठ वर्षांच्या आतलं मूल असेल तर मी गुलमर्गलाच जा म्हणेन.

सुरुवात रस्त्यापासून करते, कारण अर्धा निर्णय तिथेच होतो. मुंबईहून श्रीनगरला थेट विमान असतं. तिथून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. तंगमर्गपर्यंत रस्ता साधा, शेवटचे १३ किलोमीटर घाटाचे. बर्फ पडलेला असेल तर तंगमर्गला गाडी बदलावी लागते, नाहीतर टायरांना साखळ्या बांधाव्या लागतात. सगळं सुरळीत झालं तर सकाळी घरातून निघालेलं मूल संध्याकाळी गुलमर्गच्या खोलीत असतं.

औलीचं तसं नाही. विमानाने डेहराडून, मुक्काम ऋषिकेशला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघून औलीच्या पायथ्याच्या जोशीमठपर्यंत साधारण अडीचशे किलोमीटरचा डोंगरी रस्ता. आम्हाला दहा तास लागले. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे चार प्रयाग वाटेत लागतात आणि अलकनंदेची सोबत शेवटपर्यंत असते. मोठ्यांसाठी हा प्रवास फार सुंदर आहे. पण आमच्या मुलाला गाडी लागते, त्याला रुद्रप्रयागच्या आधीच दोनदा उलटी झाली. येतानाही तेच. म्हणजे जाण्यायेण्यात चार दिवस गेले आणि बर्फावर मिळाले तीन. पूर्वी जोशीमठहून औलीला जायला १९९४ पासून चालणारा चार किलोमीटरचा रोपवे होता. जोशीमठची जमीन खचायला लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तो बंद झाला. आम्ही गेलो तेव्हाही बंदच होता, त्यामुळे वरचा टप्पाही गाडीनेच केला. मुलांना पाळण्यात बसवू असं कबूल करून निघू नका.

आता मुख्य गोष्ट: मूल शिकतं कसं, आणि त्याला कसली जागा लागते. पहिल्या दिवशी घसरणं जवळजवळ नसतंच. एका पायात स्की घालून चालायचं, मग दोन्ही पायांत, मग खेकड्यासारखं आडवं आडवं चढायचं. त्यानंतर थांबायला शिकायचं: पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर. मुलांना हा आकार पिझ्झाचा तुकडा म्हणून चटकन समजतो. हातात काठ्या द्यायच्या नाहीत, त्यांचा मुलांना अडथळाच होतो. या वयाच्या मुलाला लागतो तो अगदी लहान, मंद उतार, आणि त्याच्या पायथ्याशी भरपूर सपाट जागा. थांबता आलं नाही तरी मूल आपोआप थांबलं पाहिजे. पहिल्या दोन तासांत हे घडलं की भीती जाते, नाही घडलं की मूल दुसऱ्या दिवशी बूट घालायलाच तयार होत नाही.

गुलमर्गमध्ये अशी जागा आहे. गोंडोला, म्हणजे तिथल्या रोपवेच्या स्थानकाजवळचे शिकाऊ उतार आखूड आहेत. गुलमर्ग मुळात २,६५० मीटर उंचीवरचं खोलगट कुरण आहे, उन्हाळ्यात तिथे गोल्फ खेळतात. त्या उताराखाली सपाटी मिळाल्यामुळे मुलगा तिसऱ्या फेरीतच हात पसरून ओरडत खाली आला आणि आपला आपण थांबला. शिक्षक दिवसाच्या बोलीवर एका कुटुंबापुरताही मिळतो. पर्यटन खात्याचं ओळखपत्र मागून बघा, आणि दिवसाचे पैसे, साहित्याचं भाडं आणि किती तास शिकवणार हे आधी ठरवा. स्लेज ओढणारे, घोडेवाले, वाटाडे पहिल्या तासात फार मागे लागतात. त्यांच्या घरची चूल त्या दोन-अडीच महिन्यांच्या कमाईवर चालते, म्हणून चिडू नका, पण ठामपणे नाही म्हणा.

औलीत शिकवणं जास्त शिस्तीचं आहे. गढवाल मंडल विकास निगमाचे ७ आणि १४ दिवसांचे निवासी वर्ग असतात. तरुण मुलामुलींना त्याचा फार फायदा होतो, पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला सामावून घेणारी ती रचना नाही. आम्ही खाजगी शिक्षक घेतला. तो माणूस प्रेमळ होता, पण जिथे शिकवलं तिथला उतार खाली सपाट न होता पुढे तसाच चालू राहायचा. मुलगा प्रत्येक वेळी शिक्षकाच्या अंगावर जाऊन थांबला. मुलीची गोष्ट वेगळी. आठव्या वर्षी तिला तो लांब उतारच हवा होता, तिसऱ्या दिवशी ती वळायला शिकली. समोर ७,८१६ मीटरचं नंदादेवी शिखर, आजूबाजूला देवदार, आणि गुलमर्गच्या चौथाईनेही गर्दी नाही. औली मला आवडलं ते यासाठी.

साहित्याबद्दल जरा जास्त सांगते, कारण आमची खरी चूक तिथे झाली. स्कीचे बूट पावलाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये मोजतात. औलीत आम्ही ज्या दुकानातून साहित्य घेतलं तिथे मुलाच्या मापाचे बूट नव्हते. एक माप मोठे घेतले आणि आत दोन जाड मोजे घातले. टाच आत उचलली जायची, त्यामुळे त्याने पाय वळवला तरी स्की वळेना. शिवाय घट्ट मोज्यांनी रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गारठतो. एकच लांब लोकरीचा मोजा घालायचा. पुढच्या वर्षी दोन्ही मुलांना कागदावर उभं केलं, पावलांची लांबी मोजली आणि आठ दिवस आधी गुलमर्गच्या शिक्षकाला कळवली, तेव्हा बूट तयार मिळाले. हेल्मेटचं मापही कळवा. ते मिळणार नसेल तर घरून घेऊन जा, त्याच्याशिवाय मुलाला उतारावर सोडू नका. गॉगल आणि सनस्क्रीन बर्फावर ढगाळ दिवशीही लागतं.

बर्फाची खात्री कुठे जास्त? गुलमर्गला, पण पूर्वीसारखी नाही. जानेवारी २०२४ चा बहुतेक महिना तिथे कोरडा गेला, आणि २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. औलीत २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फाची यंत्रणा बसवली होती, तरी त्यानंतरही अनेक स्पर्धा तिथे बर्फाविना अडल्या आहेत. काश्मिरातला चिल्लई कलान, म्हणजे सर्वांत कडक थंडीचा काळ, २१ डिसेंबरला सुरू होतो आणि चाळीस दिवस चालतो. नाताळच्या सुट्टीत थंडी कडाक्याची असते, पण उतार भरलेला असेलच असं नाही. जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ मला सर्वांत बरा वाटतो. आपल्या शाळांना तेव्हा सुट्टी नसते. आम्ही २६ जानेवारीला जोडून चार दिवस शाळा बुडवली, बाईंना आधी सांगून. दुसरी-चौथीत हे जमतं, पुढे कठीण.

काश्मीरचं नाव काढलं की घरात दुसरा प्रश्न निघतोच, आणि तो निघायलाच हवा. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यात महाराष्ट्रातले सहा जण होते. डोंबिवली, पुणे, पनवेल इथल्या घरांत ते दुःख आजही आहे. गुलमर्गला जायचं की नाही हे दुसऱ्या कुणी ठरवू नये. ज्यांचं मन धजत नाही त्यांनी औलीच निवडावं, कारण आईवडीलच धास्तावलेले असले तर मुलांची सुट्टी सुट्टी राहत नाही. जाणार असाल तर निघण्याआधी सरकारी सूचना पाहा. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, निदान एकाकडे पोस्टपेड हवं. बर्फवृष्टीत श्रीनगरची विमानं रद्द होतात, म्हणून शेवटचा एक मुक्काम श्रीनगरात मोकळा ठेवा. जून २०२५ पासून श्रीनगर ते कटरा वंदे भारत धावते, त्यामुळे आता अडकलं तर दुसरी वाट आहे.

दुखापतीचा विचारही नको वाटला तरी करावा लागतो. गुलमर्गहून श्रीनगरची मोठी रुग्णालयं दीड-दोन तासांवर आहेत. औलीहून जोशीमठला प्राथमिक उपचार होतात, पण त्यापुढचं म्हणजे बहुधा ऋषिकेशचं एम्स, तोच दिवसभराचा रस्ता. गुलमर्गमध्ये गोंडोलाच्या पहिल्या टप्प्याने कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,०८० मीटरपर्यंत, मुलांना जरूर न्या. तिकीट ऑनलाइन काढावं लागतं आणि लवकर संपतं. दुसरा टप्पा आफरवटला जवळजवळ ४,००० मीटरवर जातो, तिथे लहान मुलांना नेऊ नका. त्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका खरा आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे एका रशियन स्कीपटूचा जीव गेला.

आजी-आजोबा बरोबर येणार असतील तर पारडं थोडं औलीकडे झुकतं. हिवाळ्यात बद्रीनाथाची पूजा जोशीमठच्या नृसिंह मंदिरात होते, आणि आमच्या सासूबाईंना तो एक दिवस सगळ्या सहलीपेक्षा मोठा वाटला. गुलमर्गला त्यांना खोलीतच बसून राहावं लागलं.

मनालीजवळच्या सोलंगचं नाव अनेकजण सुचवतात. एक दिवस बर्फात खेळायला ते छान आहे. शिकायला मात्र मी मुलांना तिथे नेणार नाही, कारण त्याच उतारावर स्नो-स्कूटर, घसरगुंड्या आणि पर्यटकांची गर्दी असते.

आता मुलगा सात वर्षांचा आहे. यंदा पुन्हा गुलमर्ग, पाच रात्री, सगळ्या गुलमर्गमध्येच. रोज सकाळी दीड तास आणि जेवणानंतर एक तास, त्याहून जास्त नाही. खिशात गुळपापडीच्या वड्या. तो दहाचा झाला आणि घाटात गाडी लागणं थांबलं, की आम्ही औलीला परत जाणार आहोत, त्या वेळी आठ दिवस हाताशी ठेवून.