सीमा ओलांडावी की नाही? 1965 आणि 1999

वादविवाद स्पर्धेची तयारी करणाऱ्या भाचीला बाजू ठरवता येत नाहीये: युद्धात सीमा ओलांडावी, की आपल्याच हद्दीत राहून लढावं? आपल्या इतिहासात दोन्ही आहे: 1965 च्या पाकिस्तान युद्धात सीमा ओलांडली, 1999 च्या कारगिल युद्धात नाही. तेच समोरासमोर ठेवतो.

मनोबल. 1 सप्टेंबर 1965 ला पाकिस्तानी रणगाडे जम्मू भागातल्या छांबमध्ये घुसले, रोख जवळच्या अखनूर शहरावर. तिथला दबाव हलका करायला 6 तारखेला आपलं सैन्य आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने गेलं. शास्त्री पंतप्रधान, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री. 1962 च्या पराभवाने खचलेल्या देशाला त्या बातमीने उभारी दिली. पण समोरचा देशही पेटून उठला. पाकिस्तान आजही 6 सप्टेंबर संरक्षण दिन म्हणून पाळतो. हा परिणाम आपल्याकडे फारसा कुणी हिशेबात धरत नाही, तो धरायलाच हवा. कारगिलमध्ये उभारी उशिरा आली, तोलोलिंग शिखर घेतल्यावर.

राजकारण. इथे 1999 उघडच सरस. वाजपेयी सरकारने विमानांनाही नियंत्रण रेषा ओलांडू दिली नाही, त्यामुळे जगाचा दबाव पाकिस्तानवर आला. 4 जुलैला नवाझ शरीफांना वॉशिंग्टनमध्ये माघार कबूल करावी लागली. 1965 च्या युद्धात जिंकलेली काश्मीरमधली हाजीपीर खिंड मात्र नंतर ताश्कंद करारात परत द्यावी लागली.

किंमत. संयमाची किंमत जवानांनी मोजली. उभे कडे, वर दबा धरून बसलेला शत्रू आणि 527 हुतात्मे. हे विसरून त्या संयमाचं कौतुक करू नये.

एका आघाडीवर कोंडी झाली असेल आणि शत्रूचं बळ तातडीने दुसरीकडे खेचायचं असेल, तर सीमा ओलांडणं योग्य. घुसखोर आपल्याच डोंगरांवर बसले असतील आणि जगाचा पाठिंबा हवा असेल, तर कारगिलचा मार्ग.