ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला इंटरनॅशनल रिलेशन्सचा वीकेंड क्लास: इराकच्या लेक्चर्ससाठी तरी नक्की जा

पाचपैकी चार स्टार देतेय, आणि ते मुख्यतः इराकच्या लेक्चर्ससाठी. दौलतगंजच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर आहे हा क्लास, एमपीपीएससी-यूपीएससीवाली पोरं जास्त पण माझ्यासारखे नोकरी करणारेही येतात, मी भाच्यासोबत जायला लागले आणि आता तो नसला तरी एकटी जाते.

विषय असा की २००३ मध्ये सुरक्षा परिषद तयार नसताना अमेरिका इराकमध्ये घुसली आणि सहाच महिन्यांत त्याच संयुक्त राष्ट्रांच्या दारात मदत मागायला उभी राहिली, ते का? आधी एका दुसऱ्या क्लासमध्ये हे "अमेरिकेने धोरण बदलले" अशा एका ओळीत उरकलं होतं. इथे सर तारखांनी चालतात. मार्चमध्ये हल्ला, १९ ऑगस्टला बगदादच्या कॅनाल हॉटेलमधल्या यूएनच्या ऑफिसवर ट्रकबॉम्ब, त्यात यूएनचे इराकमधले विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा द मेलो धरून २२ जण गेले, मग ७ सप्टेंबरला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश टीव्हीवर येऊन ८७ अब्ज डॉलर मागतात आणि त्याच भाषणात बाकीच्या देशांनीही आता जबाबदारी उचलावी म्हणतात.

पैशाचा हिशोब तर कोणीच इतका नीट समजावला नव्हता. १९९१ च्या आखाती युद्धाचा खर्च साधारण ६१ अब्ज डॉलर, त्यातले ५० अब्जांच्या वर कुवेत, सौदी, जपान, जर्मनी वगैरेंनी दिले, कारण तेव्हा बुशच्या वडिलांनी आधी सगळ्यांना सोबत घेतलं आणि मग लढाई केली. मुलानं उलटं केलं म्हणून बिल जवळजवळ सगळं घरच्याच खिशातून. हे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी बघितले की पुढचं सगळं आपोआप कळतं.

आणि मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे इराकवरच्या सुरक्षा परिषदेच्या ठराव १५११ ची झेरॉक्स प्रत्येकाच्या हातात देऊन वाचून घेतात. १६ ऑक्टोबर २००३, १५ विरुद्ध शून्य, वरवर बघितलं तर अमेरिकेचा मोठा विजय. पण सर तेरावा परिच्छेद काढायला लावतात, बहुराष्ट्रीय फौज "एकाच कमांडखाली", आणि विचारतात कमांड कोणाची? अमेरिकेचीच. म्हणजे मदत सगळ्यांची हवी पण लगाम आपल्याच हातात. म्हणूनच फ्रान्स, जर्मनी, रशियाने मत दिलं आणि लगेच सांगितलं की सैनिक नाही देणार, पैसेही नाहीत. मला विचाराल तर वॉशिंग्टनचं मन तेव्हा बदललंच नव्हतं, गरज मोठी झाली होती, आणि हे फार महत्त्वाचं आहे कारण ज्यांना नंतर बोलावता त्यांना निर्णयात जागा द्यावी लागते.

भारताचा भाग आला तेव्हा वर्गात वेगळीच शांतता होती. अमेरिकेला आपली एक अख्खी डिव्हिजन हवी होती, पंधरा-सतरा हजार जवान, आणि १४ जुलै २००३ ला अटलजींच्या सरकारने नाही म्हटलं, यूएनचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू असं. आपल्या ग्वाल्हेरचा माणूस, इथल्याच शिंदे की छावणीत वाढलेला, त्यामुळे पोरांना फार अभिमान वाटतो आणि मलाही वाटतो. पण सर तिथेच थांबत नाहीत, दिल्लीत हो म्हणणारेही बरेच होते हेही सांगतात, ते योग्यच.

एक स्टार कापला तो प्रोजेक्टरसाठी, नकाशातली शहरं मागच्या बाकावरून अजिबात दिसत नाहीत, आणि नोट्स फक्त हिंदी-इंग्रजीत, एवढी मराठी घरं आहेत लष्कर भागात तर मराठी नोट्स का नाहीत? रेकॉर्डिंगही देत नाहीत, एखादा शनिवार चुकला की गेला. जिना अंधारा आहे, वयस्कर लोकांनी जपून.

फक्त परीक्षेपुरतं पाठ करायचं असेल तर हा क्लास तुम्हाला संथ वाटेल. ज्यांना खरंच समजून घ्यायचंय त्यांनी जा, पुढच्या महिन्यात यूएनचे इराकसाठीचे दूत लखदर ब्राहिमी आणि जून २००४ चा ठराव १५४६ घेणार आहेत, मी आणि भाच्याने फी भरलीये.