सात रिंगांचा पडदा आणि माझे २०,७८८ रुपये

पडदे शिवायला शिकवतो म्हणून मोबाईलवरून मला फसवलं. किती गेले ते आकडे आधी सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी विचारायला नको. ४९९, मग २,४९९, मग ८,७५०, मग ५,०००, मग २,३६०. झाले १९,१०८. वरून माझ्या पदरचं कापड १,०४० आणि कुरिअर ६४०. हे शेवटचे दोन आकडे मी घरी सांगितले नव्हते. आता कळतील.

मी अडाणी नाही. बी.कॉम. आहे, अकरा वर्षं घरी फॉल-पिको आणि ब्लाउजची कामं करते. आजूबाजूला नवे टॉवर उभे राहिले आणि जो तो विचारायला लागला, "पडदे शिवता का?" म्हटलं, एकदा नीट शिकून घेऊ. तेवढ्यात मोबाईलवर जाहिरात आली. घरबसल्या पडदे आणि ब्लाइंड शिवायला शिका, शिवलेला माल आम्हीच उचलू. पुढचं तुम्हाला तोंडपाठ असेल: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यात "मॅडम, पेमेंट आलं" म्हणून हात जोडणाऱ्या बायका, तीन दिवसांचा क्लास फक्त ४९९.

आता जे सांगणार आहे ते आठवलं की आजही रात्री उठून बसते.

क्लासच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी सात फुटी दाराचा पडदा शिवून दाखवला. कापड कापलं बरोब्बर ८४ इंच. मग वरची पट्टी आणि खालची चार इंची दुमड कुठून आणणार होत्या? आणि वर रिंगा लावल्या सात. सात! ज्याने आयुष्यात एक पडदा शिवलाय त्यालाही माहीत असतं की रिंगा सम लावायच्या, सहा, आठ, दहा. दांडी एका रिंगेतून आत, दुसरीतून बाहेर जाते. संख्या सम असली तरच दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. विषम झाली की एक कड खोलीत तोंड काढून उभी राहते. मला दिसलं. मी मोजल्यासुद्धा. ग्रुपवर लिहिलं, "मॅडम, रिंगा सात का?"

दोन मिनिटांत माझा मेसेज गायब. आणि लगेच मॅडमचा खासगी मेसेज: "ताई, तुमचं निरीक्षण फार छान आहे. तुम्ही बेसिकमध्ये वेळ घालवू नका, तुम्हाला थेट ॲडव्हान्स बॅचमध्ये घेते." अकरा वर्षांत माझ्या शिलाईला कुणी एवढं चांगलं म्हटलं नव्हतं हो. गिऱ्हाईक येतं ते "पुढच्या वेळी वीस रुपये कमी करा" म्हणायला. मी २,४९९ भरले. जिला पडदा शिवता येत नाही हे मी स्वतः पकडलं, तिच्याकडेच शिकायला पैसे भरले.

मग किट. ३० मीटर कापड, ४८ इंची पन्हा, ९६ रिंगा, त्यातून बारा पडदे, शिलाई पडद्याला २२० रुपये. एका हॉटेलची ऑर्डर म्हणे, महिन्याला साठ पडदे, म्हणजे १३,२०० रुपये. किटचे ८,७५०, अनामत ५,०००, "पहिल्या बिलाबरोबर परत." किट खरंच आलं, म्हणून तर विश्वास बसला! कापड भरलं २२ मीटर, पन्हा ४४. फोन केला तर म्हणाल्या, गोडाऊनची चूक, पुढच्या लॉटमध्ये भरून देऊ. आणि मी शहाणी, ऑर्डर हातची जायला नको म्हणून उल्हासनगरला जाऊन त्याच रंगाचं आठ मीटर कापड १३० रुपयांनी घेऊन आले. अर्धं आयुष्य कापडात गेलं तरी!

बारा पडदे नऊ दिवसांत शिवले. सोळा नंबरची सुई, दुहेरी टीप, प्रत्येकाला आठ रिंगा. पाठवले. चौथ्या दिवशी फोटो आला, "शिलाई वाकडी, माल रिजेक्ट, फेरतपासणीचे २,००० आणि १८ टक्के जीएसटी ३६०." भरले. रात्री तो फोटो मोठा करून पाहिला. पडद्याला रिंगा सात. तो माझा पडदाच नव्हता.

सकाळी ग्रुप नव्हता.

पावतीवरचा जीएसटी नंबर तेव्हा कुठे मोजला. चौदा अक्षरं. असतात पंधरा, आणि महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो. सरकारी जीएसटी साइटवर तो फुकट तपासता येतो, मिनिटभराचं काम. पाचही वेळा यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळं होतं, तेही पुरुषांची नावं. नाव बदललं की हात आखडा, बाई समोरून कितीही गोड बोलो.

लाजेने बारा दिवस गप्प बसले. हे करू नका! सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे १९३०, तिला त्याच तासाला फोन लावा, पैसे पुढे सरकायच्या आत गोठले तर गोठले. मी लावला तेव्हा पहिला दिवस एंगेजच गेला. दुसऱ्या दिवशी लागला तर ऐकायला मिळालं, "मॅडम, रक्कम पुढे गेलीये." तक्रार क्रमांक दिला. बँकेत गेले. "व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलाय." पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, "ताई, वस्तू तर आली ना घरी? मग हे फसवणुकीत कसं बसतं?" सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. परत ठाण्यात, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला आणि शिक्का मारून झेरॉक्स हातात दिली. एफआयआर नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, मी वाचून गेले होते. म्हटलं तर बाजूचा दुसरा हसून म्हणाला, "पडदे शिवायला यूट्यूबवर फुकट शिकवतात की, ताई." आणि चीड याची, की ते खरं आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, तिथेही गेले. समोरच्याचा पत्ता आणा म्हणतात. पावतीवरच्या पत्त्यावर चहाची टपरी आहे. नोटीस काय टपरीवाल्याला देऊ?

लहान रक्कम म्हणे. माझ्याकडे फॉल-पिकोला साडीमागे ८० रुपये मिळतात. २०,७८८ म्हणजे २६० साड्या. कुठल्या साहेबाने बसून शिवून दाखवाव्यात.

शिकायचंच असेल तर घरातला एक जुना पडदा उसवा. कुठे किती दुमड, पट्टी कुठे, रिंगांमधलं अंतर किती, सगळं तिथे लिहिलेलं असतं. सुती कापड आधी भिजवून आटवून घ्या. घेर दांडीच्या दीडपट ते दुप्पट. एवढ्यासाठी कुणाला अनामत द्यायची नसते. आणि काम देणारा तुमच्याकडूनच पैसे मागतोय, तर काम देणारे तुम्ही झालात, तो नव्हे.

परवा बहिणीने एक जाहिरात पाठवली, "ताई, हे तुझ्यासाठी बघ." ग्रुपचं नाव नवं, फी ५९९. व्हिडिओ तोच. रिंगा अजूनही सातच.