शिकाऊ जीपीच्या खोलीत कॅमेरा: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑगस्टपासून माझ्याकडे एक ट्रेनी आहे, नागपूरची एमबीबीएस. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टर, म्हणजे जीपी, व्हायला तीन वर्षांचं प्रशिक्षण लागतं. शेवटचं वर्ष दवाखान्यातच, ट्रेनरच्या हाताखाली.

आधी माझी सगळी भिस्त डिब्रीफवर असायची. ओपीडी संपली की दार लावून एकेका पेशंटबद्दल बोलायचं. औषध चुकलं, तपासणी राहिली, तर तिथे सापडतं. पण पेशंटशी बोलणं कसं झालं हे ट्रेनी सांगेल तेवढंच कळतं. म्हणून कॅमेरा घेतला. पेशंटची लेखी संमती आधी घेतो, भेट संपल्यावर पुन्हा विचारतो. नाजूक तपासणी चित्रित करत नाही.

ऑक्टोबरमधली एक भेट सांगते. साठीचे गृहस्थ, खोकला. डिब्रीफमध्ये ती म्हणाली, "छाती साफ आहे, व्हायरल वाटतं." बरोबरच होतं. मग आम्ही रेकॉर्डिंग लावलं. हातातली टोपी फिरवत ते म्हणतात, "बायकोनं पाठवलं." ही स्क्रीनकडे बघत टाइप करतेय आणि विचारते, "किती दिवस झाले?" तो तुकडा आम्ही दोनदा पाहिला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मॅडम, बायकोला कसली भीती होती ते मी विचारलंच नाही." दुसऱ्या दिवशी तिने त्यांना फोन केला. त्यांचा भाऊ फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेला होता. हे मला नुसत्या डिब्रीफमधून कधीच शिकवता आलं नसतं.

त्रासही आहे. पहिल्या कॅमेऱ्याचा आवाज इतका खोल यायचा की हळू बोलणारे पेशंट ऐकूच येत नसत; वेगळा माइक घ्यावा लागला. बारा मिनिटांची भेट नीट बघायला पाऊण तास जातो आणि तो वेळ वेळापत्रकात आधीच राखून ठेवला नाही तर मिळत नाही. शिवाय मन मोकळं करायला आलेले पेशंट बहुधा नकार देतात, तो त्यांचा हक्कच आहे. त्यामुळे सगळ्यात अवघड भेटी कॅमेऱ्यात येतच नाहीत. त्यासाठी मी अजूनही तिच्याबरोबर खोलीत बसते.

एससीए, म्हणजे जीपी होण्यासाठी ट्रेनीला द्यावी लागणारी पेशंटशी संवादाची परीक्षा; तीत बारा केसेस असतात, प्रत्येकी बारा मिनिटांच्या. त्या तयारीला रेकॉर्डिंग फार उपयोगी पडतं. डिसेंबरपासून महिन्यातून एकदा माझीही भेट रेकॉर्ड करून तिला दाखवते. मी कुठे घाई केली ते ती आता न बिचकता सांगते.